मायनस कुठे टेकलाय ते आधी बघ: काजूच्या ड्रायरवरची रीडिंगं का नाचतात

तू लिहिलेलं आधी एकदा माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात तुझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट चाललंय. काजूगर वाळवायच्या ड्रायरमध्ये पाच के-टाइप थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर), बॉयलरवर ४ ते २० मिलिअँपचा प्रेशर ट्रान्समीटर, हॉपरखाली लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि त्याच्या इंडिकेटरमधून निघणारं ० ते १० व्होल्ट, हे सगळं १६ चॅनल, १६ बिटच्या यूएसबी कार्डावर (सेन्सरच्या व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या) आणि कार्ड लॅपटॉपला. सुरुवातीला तू सगळ्यांचे मायनस एका पट्टीवर बांधून कार्डाच्या ग्राउंडला दिलेस, तर ब्लोअर चालू झाला की तापमान वीस-तीस डिग्री उडी मारायचं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून सगळं डिफरन्शियल केलंस, म्हणजे प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या दोन वायरी, तर तीन थर्मोकपल शहाण्यासारखी वागायला लागली आणि दोन हळूहळू सरकत फुल स्केलला जाऊन बसली. लॅपटॉपचा चार्जर काढला की आकडे बदलतात. ब्लोअर बंद असला तरी तापमान हळू वर जातं, खाली येतं. आणि ज्या चॅनलला काहीच जोडलेलं नाही तिथे वजन दिसतं. वायरमन म्हणतो वेगळा अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीतला खड्डा) मारूया, कार्ड विकणारा म्हणतो महागातलं कार्ड घ्या.

दोन्हींवर अजून एक रुपयासुद्धा घालू नकोस. ह्या एकमेकांत गुंतलेल्या चार-पाच वेगवेगळ्या भानगडी आहेत, आणि तू प्रत्येक वेळी एकच उपाय सगळ्या चॅनलना लावलास म्हणून एक सुटली की दुसरी वर आली. कार्डाची सेटिंग हा नंतरचा प्रश्न. आधी प्रत्येक सिग्नलपुढे उभं राहून विचारायचं, बाबा, तुझा मायनस कुठे टेकलाय? जमिनीला कुठेतरी टेकलाय की अधांतरी आहे? हे उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं आणि त्यावरून वायरिंग ठरतं.

ग्राउंड म्हटलं की कॉलेजात तीन आडव्या रेघा काढतात आणि सगळीकडे शून्य व्होल्ट धरतात. कारखान्यात तसं नसतं. ड्रायरच्या बॉडीचं अर्थिंग, पॅनेलचं अर्थिंग आणि तू लॅपटॉप लावतोस त्या सॉकेटचं अर्थिंग, तिन्ही आपापल्या वायरने शेवटी एकाच ठिकाणी जात असले तरी त्या वायरींना रेझिस्टन्स आहे, आणि त्यांतून मोटरचा, व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा), फिल्टरचा लीकेज करंट सतत वाहत असतो. म्हणून दोन ठिकाणांत फरक पडतो, चांगल्या वायरिंगमध्ये काही मिलिव्होल्ट ते शंभरेक मिलिव्होल्ट, वाईट असेल तर सरळ काही व्होल्ट. एकाच वाड्यातल्या दोन विहिरींसारखं समज, दोन्हींत पाणीच आहे पण पातळी सारखी नसते, आणि मध्ये पाइप टाकलास की पाणी वाहायला लागणारच. तू मायनसच्या पट्टीने तो पाइप टाकलास.

आता हा फरक थर्मोकपलला किती महागात पडतो बघ. के-टाइप एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे १ मिलिव्होल्टची चूक झाली की २४ डिग्री गेले. ब्लोअर चालू झाल्यावर ड्रायरची बॉडी आणि तुझं कार्ड यांच्यात एखाद-दुसरा मिलिव्होल्ट जरी सिग्नलच्या वायरीत उतरला तरी तुझी वीस-तीस डिग्रीची उडी तयार. तोच मिलिव्होल्ट लोडसेलच्या १० व्होल्टमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून तुला वाटलं वजन बरोबर आहे आणि थर्मोकपल खराब आहेत. थर्मोकपल बिचारी ठीकच आहेत.

मल्टिमीटर घेऊन कारखान्यात जा, कार्ड घरी ठेवलंस तरी चालेल. थर्मोकपलच्या दोन्ही वायरी मोकळ्या कर आणि वायर ते बाहेरची स्टीलची नळी असा रेझिस्टन्स मोज. काही ओहम आले तर आतला जोड नळीच्या टोकाला वेल्ड केलेला आहे, म्हणजे ग्राउंडेड जंक्शन, आणि नळी ड्रायरच्या बॉडीला घट्ट बसलेली, बॉडी अर्थला, म्हणजे त्याचा मायनस जमिनीला टेकलेला. काहीच आलं नाही, ओपन दाखवलं, तर अनग्राउंडेड, म्हणजे अधांतरी. पैज लावून सांगतो, तुझी जी तीन शहाण्यासारखी वागली ती ग्राउंडेड निघणार आणि जी दोन पळून गेली ती अनग्राउंडेड. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दुकानातून आणली की असं होतं, दिसायला सगळी सारखीच. (एक इथली गोष्ट लक्षात ठेव, ह्या नळ्यांत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते आणि ती हवेतलं पाणी ओढते. मागचं सील फाटलं असेल तर आपल्या पावसाळ्यात अनग्राउंडेड थर्मोकपल अर्धवट ग्राउंडेड होऊन बसतं, मीटरवर ना ओपन ना शॉर्ट, काहीतरी मधलंच दाखवतं. तसं दिसलं तर ते बदल, त्याच्याशी भांडत बसू नकोस.)

लोडसेलच्या इंडिकेटरची सप्लाय काढ, प्लग हातात घे आणि आउटपुटचा मायनस ते प्लगची मोठी अर्थ पिन असं मोज. बऱ्याच इंडिकेटरमध्ये ते आतून जोडलेलं असतं, काहींत आयसोलेटेड असतं, मॅन्युअलवर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजलेलं बरं. आणि शेवटी सगळं चालू करून, पण कार्डाला काही न जोडता, प्रत्येक मायनस ते कार्डाचं ग्राउंड असं व्होल्टेज मोज, एकदा डीसीवर, एकदा एसीवर, ब्लोअर बंद असताना आणि चालू असताना. एका कागदावर लिही. पुढचं सगळं ह्या कागदावरून ठरेल.

कार्डाच्या तीन जोडण्यांबद्दल एवढंच. आरएसई म्हणजे सिंगल एंडेड, सगळ्यांचे मायनस कार्डाच्या ग्राउंडला, अधांतरी सिग्नलसाठी ठीक आणि आधीच टेकलेल्या सिग्नलसाठी कधीच नाही, कारण मग दोन ठिकाणी टेकतो आणि ग्राउंड लूप होतो, म्हणजे दोन ग्राउंडांमधून करंट फिरायला लागतो. एनआरएसई म्हणजे सगळ्यांचा मायनस एकच पण तो कार्डाच्या ग्राउंडपासून वेगळ्या सेन्स पिनवर, सगळे सिग्नल एकाच ठिकाणी टेकलेले असतील तर चालतो. डिफरन्शियल म्हणजे प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या दोन वायरी, कार्ड फक्त त्यांच्यातला फरक बघतं, पण १६ चे ८ चॅनल उरतात. तुझे सात सिग्नल आहेत, आठ चॅनल पुरतात, त्यामुळे डिफरन्शियलवर राहा आणि बाकीचं विसर.

फक्त डिफरन्शियल म्हणजे काही जादू नाही, आणि इथेच बहुतेकजण आपटतात. कार्डाच्या इनपुटमधला अँप्लिफायर दोन्ही वायरींतून अगदी बारीकसा करंट आत किंवा बाहेर ढकलत असतो, बायस करंट म्हणतात त्याला. तो करंट कुठूनतरी ग्राउंडला परत जायला पाहिजे. ग्राउंडेड थर्मोकपलमध्ये तो ड्रायरच्या बॉडीतून, अर्थिंगमधून जातो. अधांतरी थर्मोकपलमध्ये त्याला वाटच नाही, मग तो वायरींच्या कपॅसिटन्समध्ये साठत जातो, दोन्ही वायरी मिळून हळूहळू सरकत कार्डाच्या मर्यादेबाहेर निघून जातात आणि रीडिंग फुल स्केलला चिकटतं. तुझी दोन थर्मोकपल पळाली ती अशी.

उपाय पाच रुपयांचा आहे. अनग्राउंडेड थर्मोकपलच्या मायनसवरून कार्डाच्या ग्राउंडला एक रेझिस्टर, १० किलोओहम ते १०० किलोओहममधला कुठलाही, कार्डाच्या टर्मिनलवरच. थर्मोकपलच्या वायरीचा रेझिस्टन्स काही ओहमच असतो म्हणून एकट्या मायनसला लावलास तरी पुरतं. सोर्सचा रेझिस्टन्स मोठा असेल तेव्हा मात्र प्लस आणि मायनस दोन्हींना सारखे रेझिस्टर लावायचे, नाहीतर आवाज (म्हणजे नॉइज, सिग्नलमध्ये घुसणारी नको ती खळबळ) एकाच बाजूने जास्त शिरतो, आणि तेव्हा लोडिंगचाही हिशेब धरायचा. १ किलोओहमचा सोर्स आणि दोन्ही बाजूंना १०० किलोओहम म्हणजे सिग्नल साधारण अर्धा टक्का कमी दिसणार.

ग्राउंडेड तिघांना हा रेझिस्टर लावायचा नाही. लावलास तर जळणार काही नाही, पण तोच लूप मागच्या दाराने परत येतो, रेझिस्टर आहे म्हणून बारीक होऊन येतो एवढंच. आणि सगळ्यांनाच सरळ वायरने ग्राउंड करून टाकूया असं कोणी म्हणालं तर हात जोड, ते तू पहिल्याच दिवशी करून बघितलंयस.

थर्मोकपलचंच अजून एक, तू विचारलं नाहीस पण तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय. रेंज सगळ्या चॅनलना अधिक-उणे १० व्होल्ट ठेवलीयस. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, २० व्होल्ट भागिले एवढ्या, एक पायरी सुमारे ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे थर्मोकपलचे सात-साडेसात डिग्री! ग्राउंडिंग कितीही सुधारलंस तरी तापमान पायऱ्या-पायऱ्यांनीच चालणार. तुझ्या कार्डाला अधिक-उणे ०.२ व्होल्टची रेंज आहे, थर्मोकपलना ती लाव, पायरी ६ मायक्रोव्होल्टवर येते, म्हणजे ०.१५ डिग्री. ज्यांच्या कार्डाला फक्त १० व्होल्टची रेंज आहे त्यांनी थर्मोकपल सरळ जोडायच्या नादाला लागूच नये, टेम्परेचर ट्रान्समीटर घ्यावा. आणि टर्मिनल ब्लॉक ड्रायरच्या दारासमोर ठेवू नकोस, कोल्ड जंक्शन (थर्मोकपलच्या वायरी संपतात ती जागा, जिच्या तापमानाच्या मानाने मोजलं जातं) तिथेच आहे, गरम वाफ बसली की पाचही रीडिंगं एकदम हलतात आणि माणूस ग्राउंडिंगला शिव्या घालत बसतो.

प्रेशर ट्रान्समीटर सगळ्यात सोपा, फक्त रेझिस्टर कुठे घालतोस ते बघ. २४ व्होल्टच्या सप्लायचा प्लस ट्रान्समीटरला, ट्रान्समीटरमधून बाहेर येणारी वायर २५० ओहमच्या रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक सप्लायच्या मायनसला. म्हणजे रेझिस्टर खालच्या बाजूला, त्यावर ४ मिलिअँपला १ व्होल्ट आणि २० ला ५ व्होल्ट मिळतात, ट्रान्समीटरला तरीही १९ व्होल्ट उरतात, त्याला ते भरपूर झाले. रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घे. काहीजण हाच रेझिस्टर वरच्या बाजूला, २४ व्होल्टच्या प्लसमध्ये घालतात आणि म्हणतात फरक तर तेवढाच, १ ते ५ व्होल्ट. फरक तेवढाच, पण दोन्ही टोकं ग्राउंडपासून १९-२४ व्होल्ट वर बसलेली, आणि अशा कार्डाच्या प्रत्येक पिनवर ग्राउंडच्या मानाने दहा-अकरा व्होल्टच्या वर काही चालत नाही. नशीब चांगलं तर चुकीचं रीडिंग, वाईट तर इनपुट मेलं.

२४ व्होल्टच्या एसएमपीएसचं, म्हणजे त्याच सप्लायचं, आउटपुट बहुतेक वेळा अधांतरीच असतं. त्याचा मायनस कार्डाच्या ग्राउंडला एकाच जागी जोड, मग वेगळा बायस रेझिस्टर लागत नाही. प्रोग्रॅममध्ये एक अट घाल, ०.९ व्होल्टच्या खाली गेलं तर वायर तुटली असं दाखव, शून्य प्रेशर नको. बॉयलर आहे तो, तिथे खोटं शून्य दाखवणं बरं नव्हे. आणि बॉयलरची सेफ्टी तुझ्या लॅपटॉपवर अवलंबून ठेवायची नाही हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.

लोडसेलचा इंडिकेटर मीटरवर ग्राउंडेड निघाला तर डिफरन्शियल, बायस रेझिस्टर नाही, झालं. फक्त एक बारीक गोष्ट. कार्डाच्या पिनवर येतं ते सिग्नल आणि ग्राउंडमधला फरक दोन्ही मिळून. हॉपर भरला, सिग्नल १० व्होल्टच्या जवळ गेला आणि तिकडच्या ग्राउंडमध्ये इथल्यापेक्षा २ व्होल्ट जास्त असतील तर प्लसच्या पिनवर १२ व्होल्ट झाले, कार्डाची मर्यादा ओलांडली आणि भरलेल्या हॉपरलाच वजन चुकतं, रिकाम्याला बरोबर असतं. हे पकडायला फार त्रास होतो कारण कॅलिब्रेशन आपण छोट्या वजनांनी करतो. इंडिकेटरमध्ये ० ते ५ व्होल्टचा पर्याय असेल तर तो निवड, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ४ ते २० मिलिअँपचं आयसोलेटेड आउटपुट असेल तर ते.

पुढे कधी इंडिकेटर न घेता लोडसेल सरळ कार्डाला जोडायचा विचार केलास तर, ३५० ओहमचा ब्रिज (लोडसेलच्या आतलं रेझिस्टरचं सर्किट), १० व्होल्ट एक्सायटेशन (त्याला दिलेला सप्लाय) आणि २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट म्हणजे पूर्ण वजनाला फक्त २० मिलिव्होल्ट, आणि ते २० मिलिव्होल्ट ५ व्होल्टच्या डोक्यावर बसलेले. तिथे डिफरन्शियलशिवाय इलाज नाही आणि कॉमन मोड रिजेक्शन, म्हणजे दोन्ही वायरींवर सारखं असलेलं व्होल्टेज सोडून द्यायची कार्डाची ताकद, कामाला येतं. ८० डीबी म्हणजे दहा हजारात एक, तेव्हा ५ व्होल्टची अर्धा मिलिव्होल्ट चूक राहते, २० मध्ये अर्धा म्हणजे अडीच टक्के! ती स्थिर असते म्हणून टेअर मारून (शून्य करून) निघते, पण एक्सायटेशन हललं की तीही हलते.

आता चार्जर. तुझ्या लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा असेल तर बहुतेक वेळा लॅपटॉपचं ग्राउंड, म्हणजे यूएसबीतून कार्डाचं ग्राउंड, सॉकेटच्या अर्थला बांधलं जातं. दोन पिनचा असेल तर आतल्या छोट्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचं ग्राउंड अर्ध्या मेन्सवर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतं, करंट अगदी थोडा असतो म्हणून मरत नाही, पण मेटलच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या ह्याच. आणि चार्जरच काढलास तर अख्खं कार्ड अधांतरी, ग्राउंडेड थर्मोकपलच्या मायनसचा आणि कार्डाच्या ग्राउंडचा एकमेकांशी काही संबंधच नाही. तीन अवस्था, तीन वेगळे आकडे. त्यामुळे बॅटरीवर नीट चाललं म्हणजे प्रश्न सुटला असं धरू नकोस, पण तपासायला हे छान आहे, चार्जर काढल्यावर रीडिंग बदललं तर लूप लॅपटॉपमधून जातोय हे पक्कं समज.

मी काय करतो, तर कार्डाच्या ग्राउंडवरून एकच जाड वायर त्याच पॅनेलच्या अर्थ बारला, जिथे ड्रायरच्या बॉडीचं अर्थिंग येतं तिथेच, आणि लॅपटॉप त्याच पॅनेलच्या सॉकेटवर, ऑफिसातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून नाही. तरीही लॅपटॉपच्या वाटेने आवाज येत असेल तर यूएसबी आयसोलेटर (विजेची जोडणी तोडून फक्त डेटा पुढे नेणारा) मध्ये टाक. स्वस्तातले बरेच १२ मेगाबिटच्या फुल स्पीडचेच असतात, तुझं कार्ड हाय स्पीड असेल तर ते त्या स्पीडला उतरून चालतंय ना ते आधी बघून घे, तुझ्या कामाला तेवढा स्पीड पुष्कळ आहे. आयसोलेटर टाकल्यावर ती पॅनेलची एक वायर जास्तच महत्त्वाची होते, काढू नकोस.

आणि अर्थ पिन कापायची नाही. हे ठळक अक्षरात वाच. तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढली की हम (मेन्सची ५० हर्ट्झची घरघर) जातो हे खरं आहे, आपल्याकडे भजनाच्या साउंड सिस्टीमवाल्यांपासून लॅबवाल्यांपर्यंत सगळे करतात, आणि ओल्या फरशीवर स्टीलच्या ट्रे हाताळणाऱ्या बायका त्या मशिनला दिवसभर टेकून काम करतात. लूप तोडायचा तो सिग्नलच्या बाजूने, डिफरन्शियलने नाहीतर आयसोलेटरने. सेफ्टीच्या अर्थिंगला हात नाही.

आता ब्लोअर बंद असताना तापमान झुलतं त्याबद्दल, मला स्वतःला हा भाग सगळ्यात मजेशीर वाटतो. तू सेकंदाला १० रीडिंग घेतोस. ५० हर्ट्झचा हम प्रत्येक सेकंदाला बरोबर ५० वेळा फिरतो, म्हणजे तुझ्या दोन रीडिंगांमध्ये त्याच्या बरोबर पाच फेऱ्या होतात, आणि प्रत्येक वेळी तू त्याला त्याच जागी पकडतोस. हम हलताना दिसतच नाही, सरळ एक ऑफसेट दिसतो. पण ग्रिड कधी नेमका ५० वर नसतो, ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात इकडे-तिकडे चालतो. समजा आत्ता ४९.९५ आहे, तर फरक ०.०५ हर्ट्झ, आणि तुला २० सेकंदांची एक मस्त संथ लाट दिसणार. ५०.०२ झाला की तीच लाट ५० सेकंदांची. ड्रायरमधली हवाच अशी फिरते असं तू रिपोर्टात लिहिलंयस, ते आधी खोड, गाइडने विचारलं तर अडचण होईल.

खरंखोटं करायचं असेल तर रेट १० वरून ११ कर. लाट नाहीशी होऊन भराभर नाचणारे आकडे आले तर तो मेन्सचा हम होता, हवा नव्हे. उपाय असा, प्रत्येक चॅनलला सेकंदाला १००० रीडिंग घे आणि शंभर-शंभरांची सरासरी काढ. शंभर रीडिंग म्हणजे १०० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या पूर्ण पाच फेऱ्या, वरचं आणि खालचं कापलं जातं आणि तुला परत सेकंदाला १० आकडे मिळतात, पण स्वच्छ. सरासरीचा काळ नेहमी २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेव, ७० किंवा ९० ठेवलास तर थोडा हम उरतोच. सरासरीने हम जातो, ग्राउंडमुळे आलेला डीसी फरक जात नाही, म्हणून आधी वायरिंग आणि मग हे.

केबलचं थोडक्यात. थर्मोकपलला कॉम्पेन्सेटिंग केबल (त्याच्या टाइपला जुळणाऱ्या धातूंची), ट्विस्टेड आणि शिल्डवाली (वरून धातूचं आवरण असलेली), मध्ये तांब्याची साधी वायर जोडून लांब करायची नाही. रंग बघून प्लस-मायनस ठरवताना सांभाळ, अमेरिकन पद्धतीत लाल वायर मायनस असते आणि आपला वायरमन लाल म्हणजे प्लस धरून मोकळा होतो. शिल्ड एकाच टोकाला जोडायचं, ग्राउंडेड थर्मोकपलचं सेन्सरच्या बाजूला, अनग्राउंडेडचं कार्डाच्या बाजूला, दुसरं टोक टेप मारून मोकळं. शिल्डमधून सिग्नलचा करंट परत आणायचा नाही, शिल्ड म्हणजे तिसरी वायर नव्हे.

ब्लोअरच्या व्हीएफडीला मात्र उलटा नियम. व्हीएफडी काही किलोहर्ट्झने व्होल्टेज चालू-बंद करतो, प्रत्येक झटक्याला मोटरच्या केबलमधून अर्थकडे करंट उडतो, आणि त्याला परत यायला जवळची वाट नसेल तर तो तुझ्या ड्रायरच्या बॉडीतून फिरून येतो. म्हणून मोटरची केबल शिल्डवाली आणि तिचं शिल्ड दोन्ही टोकांना, मोटरलाही आणि व्हीएफडीलाही, पूर्ण गोल क्लॅम्पने, शेपटी वळून नाही. तुझ्या फोटोत मोटरची साधी केबल आणि थर्मोकपलच्या वायरी एकाच ट्रेमध्ये झिपटायने एकत्र बांधल्यात. छान दिसतं, पण सोडव. फूटभर तरी लांब ने, ओलांडावं लागलं तर काटकोनात. मालक शिल्डवाली केबल घ्यायला तयार नसेल तर निदान हे तरी कर, फुकट आहे.

वायरमनच्या वेगळ्या पिटबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे आणि अर्धी गोष्ट बरोबरही आहे, आपल्या जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडली की पिटचा रेझिस्टन्स चढतो, पाणी घालत राहावं लागतं, कारखान्याने तो मोजून घ्यायलाच पाहिजे. पण तुझा आवाज पिट किती खोल आहे यावर ठरत नाही, तुझ्या दोन टोकांमध्ये फरक किती आहे यावर ठरतो. विमानात तर पिटच नसतो, तरी मिलिव्होल्ट मोजतातच. आणि कार्डासाठी वेगळा, बाकीच्यांना न जोडलेला पिट मारलास तर फरक वाढायला आयतीच जागा दिलीस. एखाद्या मोटरची फेज बॉडीला लागली, नाहीतर पावसाच्या आधीच्या गडगडाटात किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळी जवळ वीज पडली, तर दोन पिटांमध्ये मोठा फरक येतो, विजेच्या वेळी तर हजारो व्होल्टचा, आणि तो सगळा तुझ्या कार्डातून, यूएसबीतून, लॅपटॉपवर हात ठेवलेल्या माणसातून जायला बघतो. पिट कितीही असोत, सगळे मुख्य अर्थ बारला एकत्र बांधलेले पाहिजेत. वायरमनला आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) दाखव, वाद घालायची गरज पडणार नाही.

राहिलं रिकाम्या चॅनलवरचं वजन. तुझ्या कार्डात एकच एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे आणि तो स्विच फिरवून एकेक चॅनल बघतो. लोडसेलचा ८ व्होल्टचा चॅनल बघून तो पुढच्या रिकाम्या चॅनलवर आला तर तिथे काहीच जोडलेलं नाही, आतला छोटा कपॅसिटर ८ व्होल्टने भरलेला तसाच, म्हणून तेच वजन परत वाचलं. रिकाम्या चॅनलचे प्लस आणि मायनस एकत्र करून ग्राउंडला बांध, लगेच शून्य येईल. पण ह्यातून दुसरी काळजी निघते, लोडसेलनंतर लगेच थर्मोकपल वाचत असशील तर ८ व्होल्टवरून ३ मिलिव्होल्टवर उतरायला वेळ लागतो आणि थोडं वजन तापमानात मिसळतं. म्हणून क्रम असा लाव, पाचही थर्मोकपल आधी, मग प्रेशर, मग वजन, आणि शेवटी तो शून्यावर बांधलेला रिकामा चॅनल, म्हणजे पुढची फेरी सुरू व्हायच्या आधी कपॅसिटर रिकामा होईल. दोन चॅनलमधला वेळही ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जमेल तेवढा वाढव, सेकंदाला एकूण आठ हजार रीडिंग म्हणजे असल्या कार्डाला काहीच नाहीत.

काम करताना एकेक चॅनल घे. आधी कार्डाच्या टर्मिनलवर त्या चॅनलला शॉर्ट करून ग्राउंडला बांध आणि आवाज बघ, तो कार्डाचा स्वतःचा. मग तो शॉर्ट काढ आणि केबल जोड, सेन्सरच्या टोकाला दोन वायरी एकत्र करून शॉर्ट कर, ही केबल आता अधांतरी आहे म्हणून कार्डाच्या टर्मिनलवर बायस रेझिस्टर लावायला विसरू नकोस, वाढला तो केबलचा. मग सेन्सर लाव, वाढला तो ग्राउंडचा. तिन्ही वेळा ब्लोअर चालू आणि बंद. हे आकडे आणि वर सांगितलेला मायनस ते ग्राउंडचा कागद इथे टाक, आणि ती तीन-दोनची विभागणी मी म्हटलं तशी निघाली की नाही तेही लिही.